पृष्ठाची परीक्षा : संगणकीय आरेखनातील वक्रता आणि प्रकाश

अकोला जिल्ह्यातील बाळापूर हे तालुक्याचे गाव मन आणि म्हैस या दोन नद्यांच्या सान्निध्यात वसलेले आहे. नद्यांमधल्या उंचवट्यावर विटांचा भक्कम किल्ला उभा आहे. औरंगजेबाचा पुत्र आझमशहा याने त्याचे काम सुरू केले आणि एलिचपूरचा नवाब इस्माईल खान याने ते १७५७ साली पूर्ण केले. नदीकाठी मिर्झाराजे जयसिंग यांच्या नावाने ओळखली जाणारी काळ्या दगडाची छत्री आहे. भूमितीच्या दृष्टीने पाहिले तर या परिसरात अभ्यासकाला हव्या त्या पृष्ठांचे नमुने एकत्र सापडतात. तटाची भिंत हे सपाट पृष्ठ आहे आणि बुरूज हे एकाच दिशेने वळणारे, तर घुमटाचे पृष्ठ दोन्ही दिशांनी वळते. भिंत बुरुजाला मिळते तेथे दोन पृष्ठांचा सांधा तयार होतो. आजच्या संगणक-साहाय्यित आरेखनात, म्हणजे कॅडमध्ये, वाहनाचे दार असो वा टर्बाइनचे पाते, त्याच्या पृष्ठाची परीक्षा करताना मुख्यतः या दोनच गोष्टी तपासायच्या असतात : पृष्ठ कसे वळते आणि शेजारच्या पृष्ठाला कसे मिळते.

पृष्ठाची गुणवत्ता म्हटले की गुळगुळीतपणा मनात येतो. तो एक वेगळा आणि स्वतंत्र विषय आहे. आईन-ए-अकबरीत वऱ्हाड सुभ्याचे वर्णन करताना बाळापूरजवळच्या दोन प्रवाहांच्या काठी सुंदर खडे सापडतात आणि ते कापून जपून ठेवले जातात, अशी नोंद आहे. बाळापुरात पूर्वी हातकागदही होत असे. जुन्या पद्धतीत कागदाला खळ देऊन, वाळवून, गुळगुळीत दगडाने घोटत आणि मगच तो लेखणीस योग्य होई. खड्याचे पॉलिश किंवा कागदाचा घोट हा सूक्ष्म खडबडीतपणाचा प्रश्न आहे. तो मायक्रॉनमध्ये मोजतात आणि त्याची जबाबदारी कारखान्यातील घासकामावर, यंत्रावर व रंगावर असते. संगणकातील प्रतिमानात खडबडीतपणा नसतोच, कारण तेथील पृष्ठ हे गणिती समीकरण असते. तेथे दोष आढळतो तो आकाराच्या ओघात. आरशासारखे चकचकीत पॉलिश केलेले पृष्ठ ओघाने सदोष असू शकते. किंबहुना पॉलिश जितके चांगले, तितका ओघातील दोष अधिक ठळक दिसतो.

ओघाची परीक्षा संगणकापेक्षा फार जुनी आहे आणि तिचा एक उत्तम नमुना मुंबईत घडला. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ साली सुरतेहून मुंबईला आले आणि त्यांच्या घराण्याने पुढे पिढ्यान्‌पिढ्या येथील गोदीत सागवानी जहाजे बांधली. ब्रिटिश आरमारासाठी बांधलेली ‘त्रिंकोमाली’ ही फ्रिगेट याच गोदीतून १८१७ साली पाण्यात उतरली आणि ती आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे जतन केलेली आहे. तिचे नकाशे इंग्लंडहून ज्या जहाजातून मुंबईकडे निघाले होते, ते ‘जावा’ जहाज १८१२ च्या अखेरीस अमेरिकन आरमाराविरुद्धच्या लढाईत नष्ट झाले आणि नकाशे पुन्हा पाठवावे लागले. कागदावरच्या रेषांवर किती अवलंबून राहावे लागे, हे यावरून कळते. जहाजबांधणीच्या त्या काळच्या पद्धतीत सांगाड्याचे छेद मोठ्या जमिनीवर पूर्ण आकारात आखत. लवचीक लाकडी पट्टी खुणांवरून वाकवून जड वजनांनी दाबून ठेवत आणि कारागीर पट्टीच्या एका टोकाशी डोळा नेऊन तिच्या लांबीवरून नजर टाकत असे. एखादी खूण चुकली असेल तर पट्टीत तेवढ्याच ठिकाणी अस्वाभाविक बाक येई आणि तो त्या तिरप्या नजरेला लगेच दिसे. या पट्टीला इंग्रजीत ‘स्प्लाइन’ म्हणत. गणितातील आजच्या स्प्लाइन वक्रांना नाव मिळाले ते तिच्यावरूनच.

गणिताची जोड मिळाली ती फ्रान्समधील दोन मोटार कारखान्यांत. सित्रोएनमध्ये पॉल द कास्तेल्जो यांनी १९५९ च्या सुमारास वक्र रेषा मोजक्या बिंदूंनी नियंत्रित करण्याची रीत शोधली, परंतु कंपनीने ती दीर्घकाळ गुप्त ठेवली. रेनोमध्ये पिएर बेझिए स्वतंत्रपणे त्याच ठिकाणी पोहोचले आणि त्यांचे लेखन प्रसिद्ध झाल्यामुळे त्या वक्रांना त्यांचे नाव मिळाले. या पद्धतीत पृष्ठाभोवती नियंत्रणबिंदूंचे एक जाळे असते. बिंदू हलवला की पृष्ठ त्याच्याकडे ओढले जाते, बहुधा त्याला स्पर्श मात्र करत नाही. सत्तरच्या दशकात या विचाराचा विस्तार होऊन ‘नर्ब्स’ नावाने ओळखली जाणारी पृष्ठे आली आणि आज बहुतेक सर्व कॅड प्रणाली तीच वापरतात. वाहनाचे बाह्यांग एका अखंड पृष्ठाचे नसते. ते शेकडो तुकडे जोडून तयार होते आणि कामावरची माणसे त्यांना ‘पॅच’ म्हणतात. बरेचसे दोष पॅचच्या सांध्यावर जन्मतात.

सांध्याच्या दर्जाला ‘सातत्य’ म्हणतात आणि त्याच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. दोन पृष्ठांच्या कडा एकमेकींना भिडल्या आहेत, मधे फट नाही, एवढेच असेल तर ते स्थान-सातत्य किंवा जी-शून्य होय. तटाची भिंत आणि बुरूज जेथे कोपरा करून मिळतात तेथे हीच पायरी असते. भिंत कोपरा न करता अलगद बुरुजात शिरली, म्हणजे सांध्यावर दोघांची स्पर्शप्रतले एकच झाली, तर ते स्पर्श-सातत्य किंवा जी-एक. नवशिक्याला येथे काम संपले असे वाटते, पण सपाट भिंतीची वक्रता शून्य असते आणि समजा बुरुजाची त्रिज्या ५ मीटर असेल, तर त्याची वक्रता दर मीटरला ०.२ असते. सांध्यावर वक्रता शून्यावरून ०.२ वर एकदम उडी मारते. ही उडी नाहीशी करून वक्रता क्रमाने वाढवत नेणे म्हणजे वक्रता-सातत्य किंवा जी-दोन. वक्रतेच्या बदलाचा वेगही सांध्यावर जुळवला तर ते जी-तीन. बाळापूर तालुक्यातील पारस स्थानकावरून मुंबई–नागपूर रेल्वेमार्ग जातो. रेल्वेचे अभियंते सरळ रूळ थेट वर्तुळाकार वळणाला जोडत नाहीत. मधे ते संक्रमण-वक्र घालतात. त्यामागचे कारण जी-दोनचेच आहे, कारण वक्रतेची उडी प्रवाशाला धक्क्याच्या रूपाने जाणवते. पृष्ठावर तोच धक्का डोळ्याला बसतो.

हा दोष एवढा दिसतो का, याचे उत्तर साध्या आकडेमोडीतून मिळते. समजा, गाडीच्या दारावर १०० मिमी लांबीची एक लाट उमटली आहे आणि मध्यापासून तिची उंची केवळ ०.०५ मिमी आहे. बोटाला ती कळणे कठीण आणि मोजपट्टीला तर अशक्य. तरीही या लाटेमुळे पृष्ठाचा उतार जास्तीत जास्त सुमारे ०.१८ अंशांनी बदलतो. परावर्तनाच्या नियमानुसार पृष्ठ जितके झुकते त्याच्या दुपटीने परावर्तित किरण वळतो, म्हणजे येथे ०.३६ अंशांनी. तीन मीटर अंतरावर नळीदिवा असेल तर त्याचे प्रतिबिंब सुमारे १९ मिमी एका बाजूला आणि लगेच तितकेच दुसऱ्या बाजूला सरकल्यासारखे दिसते. नेहमीच्या नळीदिव्याचा व्यास २६ मिमी असतो. त्यामुळे सरळ दिव्याचे प्रतिबिंब स्पष्टपणे नागमोडी होते. स्थानाची चूक नगण्य, उताराची अल्प आणि प्रतिबिंबाची ठळक, असा हा चढता क्रम आहे. मापाने उत्तीर्ण झालेले पृष्ठ प्रकाशात नापास होऊ शकते, ही या संपूर्ण शास्त्राची आधारशिला आहे आणि पृष्ठाची परीक्षा केवळ मापनावर का सोडता येत नाही याचे कारणही तेच आहे.

म्हणूनच संगणकात कृत्रिम प्रकाशाची योजना केली जाते. सर्वांत परिचित साधन म्हणजे झेब्रा पट्टे. काळे-पांढरे समांतर पट्टे पृष्ठात प्रतिबिंबित झाल्याचे चित्र पडद्यावर उमटते. सांध्यावर पट्टे तुटून एकमेकांपासून सरकले तर तेथे केवळ जी-शून्य आहे. पट्टे भेटतात पण भेटीच्या ठिकाणी टोक करून वळतात तेव्हा ते जी-एक असते. पट्टे न अडखळता वाहत गेले तर जी-दोन मानावे. यामागचा नियम सुंदर आहे. प्रतिबिंब लंबरेषेवर ठरते आणि लंबरेषा पृष्ठाच्या उतारावर. त्यामुळे प्रतिबिंबाचे सातत्य पृष्ठाच्या सातत्याहून नेहमी एका पायरीने खाली असते. पृष्ठातली जी दरी नजरेला अदृश्य असते ती प्रतिबिंबात एक पायरी खाली उतरून दृश्य होते. परावर्तन-रेषांच्या आधारे पृष्ठातील स्थानिक दोष दुरुस्त करण्याची पद्धत रेनहोल्ड क्लास यांनी १९८० साली मांडली. समदीप्ती-रेषा, म्हणजे ज्यांवर प्रकाशाची तीव्रता समान असते अशा बिंदूंच्या रेषा, यांचा उपयोगही त्याच दशकात पुढे आला.

या चाचणीत एक सावधगिरी आवश्यक आहे. पडद्यावर दिसते ते मूळ समीकरण नसते. ते समीकरणाचे लहान त्रिकोणांत केलेले रूपांतर असते. त्रिकोण मोठे असतील तर निर्दोष पृष्ठावरही पट्टे खंडित दिसतात आणि उलट, खरा दोष झाकला जातो. चाचणीपूर्वी दर्शनाची सूक्ष्मता वाढवणे हा नियम म्हणूनच पाळावा लागतो. त्याचबरोबर पृष्ठ एकाच कोनातून न पाहता हळूहळू फिरवत पाहावे. पट्टे पृष्ठावरून सरकताना एखाद्या ठिकाणी अडखळून पुढे उडी घेतात, आणि स्थिर चित्रात न दिसलेला दोष त्या क्षणी हाती लागतो.

प्रकाश दोष कोठे आहे हे सांगतो, तो कशामुळे आहे हे मात्र वक्रतेचा आलेख सांगतो. पृष्ठावरील रेषेच्या प्रत्येक बिंदूवर तेथील वक्रतेच्या प्रमाणात लांब अशी लंब काडी काढतात. काड्यांची टोके जोडली की फणीसारखी आकृती तयार होते आणि तिचे प्रचलित नावही वक्रता-फणी असेच आहे. फणीची वरची कडा मंद चढत-उतरत असेल तर वक्र निरोगी आहे. कडेत पायरी असेल तर जी-दोन मोडलेले आहे. काड्या वारंवार वरखाली होत असतील तर वक्रात लाटा आहेत आणि त्या बहुधा गरजेपेक्षा जास्त नियंत्रणबिंदू घातल्यामुळे आल्या आहेत. पुष्कळ मोजलेल्या बिंदूंतून पृष्ठ हट्टाने नेले की असे होते. अनुभवी आरेखक मोजक्या नियंत्रणबिंदूंवर भर देतात. मूळ बिंदूंपासून किंचित दूर जाणे त्यांना मान्य असते, लाट मात्र मान्य नसते. हा निर्णय माझ्या मते या व्यवसायातील सर्वांत परिपक्व निर्णय आहे, कारण तेथे अचूकता आणि सौंदर्य यांतले नेमके काय सोडायचे, हे जाणून ठरवावे लागते.

रेषेकडून पृष्ठाकडे वळताना गाउसीय वक्रतेचा विचार करावा लागतो. पृष्ठाच्या प्रत्येक बिंदूवर सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी वक्रतेच्या दोन दिशा एकमेकींना काटकोनात असतात, असे ऑयलर यांनी १७६० साली दाखवले. त्या दोन वक्रतांचा गुणाकार म्हणजे गाउसीय वक्रता. घुमटावर ती धन, बुरुजासारख्या दंडगोलावर शून्य आणि खोगिरासारख्या आकारावर ऋण असते. १८२७ साली गाउस यांनी सिद्ध केले की पृष्ठ न ताणता कितीही वाकवले तरी ही संख्या बदलत नाही. कागद बुरुजावर सुरकुती न पडता गुंडाळता येतो, पण घुमटावर बसवता येत नाही, याचे कारण या सिद्धांतात आहे. कॅडमध्ये ही वक्रता रंगांनी दाखवतात. आरेखकाला रंगांचे मोठे, शांत पट्टे हवे असतात, ठिपक्यांची गर्दी नको असते. पत्र्याच्या कामात या नकाशाचे महत्त्व अधिक आहे, कारण वक्रता शून्यापासून दूर गेली की पत्रा केवळ वाकवून भागत नाही, त्याला ताणावे लागते आणि ताणाबरोबर फाटण्याचा व सुरकुतण्याचा धोका येतो.

वक्रतेचे महत्त्व केवळ सौंदर्यापुरते नाही. बाळापूरच्या शेजारीच पारस औष्णिक विद्युत केंद्र आहे आणि तेथे प्रत्येकी २५० मेगावॉटचे दोन संच आहेत. वाफेच्या टर्बाइनचे पाते हे पिळदार, जाडी सतत बदलणारे पृष्ठ असते. वाहत्या द्रव्याला पृष्ठ ज्या बिंदूवर एकाएकी जास्त वळलेले आढळते तेथे दाब आणि वेग दोन्ही झटक्याने बदलतात, प्रवाह पृष्ठाला सोडू पाहतो आणि ऊर्जा वाया जाते. पात्याचा अग्रभाग वर्तुळखंडाचा आणि पुढचा भाग वेगळ्या वक्राचा असेल तर त्यांच्या सांध्यावरील वक्रतेची उडी याच कारणाने टाळली जाते. मोटारीच्या दारावर जो दोष डोळ्याला खुपतो, तोच पात्यावर वाफेला खुपतो.

याखेरीज एक रूक्ष पण अपरिहार्य परीक्षा असते, ती प्रतिमानाच्या वैधतेची. पृष्ठांमध्ये सूक्ष्म फटी आहेत काय, एखादे पृष्ठ स्वतःलाच छेदते काय, केसासारखे अरुंद तुकडे राहिले आहेत काय, लंबरेषा एका पृष्ठावर बाहेरच्या बाजूस तर शेजारच्या पृष्ठावर आत वळल्या आहेत काय, एकच पृष्ठ दोनदा ठेवले गेले आहे काय, हे सर्व संगणक स्वतः तपासू शकतो. एका प्रणालीत ०.०१ मिमीची फट सांधलेली मानली जाते आणि दुसरी अधिक काटेकोर प्रणाली तिला उघडे भोक मानते. त्यामुळे कारखाना आणि साचा बनवणारा यांच्यात फाइलची देवाणघेवाण होताना हे दोष उफाळून येतात. जर्मन मोटार उद्योगाच्या संघटनेने व्हीडीए ४९५५ ही मार्गदर्शिका त्यासाठीच सिद्ध केली आणि आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या १०३०३ या मालिकेतही आकार-माहितीच्या गुणवत्तेला स्वतंत्र भाग आहे.

महाराष्ट्रात या विद्येचे मुख्य क्षेत्र पुणे परिसर आहे. १९६६ साली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था पुण्यात स्थापन झाली आणि टेल्कोचे, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सचे, संशोधन केंद्रही त्याच वर्षीचे. मुंबईत आयआयटीचे औद्योगिक अभिकल्प केंद्र १९६९ पासून कार्यरत आहे. टाटांची इंडिका १९९८ च्या जानेवारीत दिल्लीच्या प्रदर्शनात सादर झाली आणि वर्षअखेरीस बाजारात आली. तिच्या बाह्यरूपासाठी इटलीतील तुरीनच्या आयडिया संस्थेचे साहाय्य घेतले होते. गोदरेज समूहातून निघालेल्या जिऑमेट्रिक या कंपनीने फ्रान्सच्या दासो सिस्टिम्सबरोबर थ्रीडी पीएलएम ही संयुक्त कंपनी काढली आणि भूमितीचे सॉफ्टवेअर लिहिण्याचे काम पुण्यात मोठ्या प्रमाणावर होऊ लागले. वऱ्हाडातील अभियांत्रिकीचे पदवीधर जेथे कामाला जातात त्यांतही हे क्षेत्र येते. शेगावचे संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय बाळापूरपासून दूर नाही. वक्रतेचे गणित तेथल्या विद्यार्थ्याने पदवीच्या वर्गातच मनापासून शिकावे, असे मला आग्रहाने वाटते, कारण सॉफ्टवेअरची बटणे काही महिन्यांत येतात, वक्रता वाचणारा डोळा तयार व्हायला मात्र वर्षे लागतात.

वाहन उद्योगात बाहेरून दिसणाऱ्या पृष्ठांना ‘क्लास ए’ म्हणतात. मातीचे प्रतिमान हाताने घडवतात, ते स्कॅन करून लाखो बिंदू मिळवतात आणि त्या बिंदूंवर ‘सरफेसिंग’ करणारे तज्ज्ञ पृष्ठे बसवतात. त्यानंतर पृष्ठ आणि बिंदू यांतील अंतराचा रंगीत नकाशा काढतात. पृष्ठे उत्तम ठरली तरी त्यांना साच्याची परीक्षा द्यावी लागते. साच्यातून वस्तू सुटण्यासाठी उभ्या भिंतींना थोडा उतार लागतो. कामावर त्याला ‘ड्राफ्ट’ म्हणतात आणि उतार कमी पडलेली जागा संगणक वेगळ्या रंगाने दाखवतो.

डाय, म्हणजे पत्रा दाबून घडवण्याचा साचा, तयार झाल्यावर पहिला पत्रा दाबला जातो, तेव्हा संगणकात नसलेल्या अडचणी पुढे येतात. दाब सुटताच पत्रा थोडा मूळ आकाराकडे परततो. याला स्प्रिंगबॅक म्हणतात आणि त्याची भरपाई करण्यासाठी डायचे पृष्ठ मुद्दाम वेगळे ठेवावे लागते. ही भरपाई करतानाही जी-दोन मोडता कामा नये, म्हणून बदललेल्या पृष्ठाची झेब्रा आणि वक्रता-फणी पुन्हा पहिल्यापासून तपासतात. मग पत्र्यावर तेलाचा पातळ थर पुसून तो ओळीने लावलेल्या नळीदिव्यांखाली ठेवतात, कारण कच्चा पत्रा चमकत नाही आणि तेलाने तो परावर्तन करू लागतो. अनुभवी कारागीर सपाट सहाणेचा दगड पत्र्यावरून हलकेच फिरवतो. दगड उंच जागा घासतो, खोलगट जागा तशाच राहतात आणि त्यांची बेटे उमटतात. त्या बेटांच्या जागा मोजून आरेखन विभागाकडे पाठवल्या जातात आणि तेथे संबंधित पॅच उघडून त्याचे नियंत्रणबिंदू पुन्हा तपासले जातात.